उलटं हळदीकुंकू

संक्रांतीला धुरपताबाई काय लुटणार, यावर गावात दिवाळीपासून अंदाज बांधले जायचे. देवगाव फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या त्या गावात पावसाचे अंदाज दरसाल चुकायचे, पण वाणाचे चुकायचे नाहीत. कारण बातमी आधीच फुटलेली असायची. एका वर्षी स्टीलच्या चाळण्या, एका वर्षी झाकणाच्या बरण्या, आणि कोरोनाच्या वर्षी प्रत्येकीला एक मास्क आणि एक लिंबू. लिंबू कशाला, हे कुणालाच कळलं नाही. पण वाणाला कारण विचारायचं नसतं. वाण घ्यायचं, पदराला लावायचं आणि घरी जाऊन नावं ठेवायची.

दुसरा नियम याहून कडक. दिलेलं वाण परत घ्यायचं नाही. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण मोडल्याचं एकही उदाहरण गावात नव्हतं. घरं फुटली, बांध कोरले गेले, एका मास्तरांनी तर लग्नात दिलेला पंखा परत नेला; पण वाण कुणी परत नेलं नाही.

यंदाची बातमी मात्र फुटली नाही. ती पाण्यात होती.

धुरपताबाईंची सून प्रियांका दोन वर्षांपूर्वी या घरात आली, तेव्हा तिच्या रुखवतात करंज्या, अनारसे, शेवयांचा ताजमहाल आणि एक काचेची पेटी होती. पेटीत सेलूच्या दुकानातून आणलेले सहा गप्पी मासे. बोटाच्या पेराएवढे, शेपटी मात्र नवरीच्या शालूसारखी. ताजमहाल खाऊन संपला. मासे राहिले. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि महिन्याच्या महिन्याला देते. पहिल्या वर्षी पेटी भरली, मग आंघोळीचा टब भरला, मग मोठं पातेलं. मार्चमध्ये धुरपताबाईंच्या यजमानांनी, दिनकररावांनी, कूलर लावला तर टाकीतून दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"ह्यांना दुसरं काही काम न्हाई का गं?" धुरपताबाईंनी सुनेला विचारलं होतं.

"तेच काम हाय आत्या त्यांचं."

"माझं पातेलं कवा रिकामं व्हायचं?"

त्या पातेल्यापाशीच धुरपताबाईंना यंदाचं वाण सुचलं. हा मासा डासांची अंडी खातो, हे सगळ्यांना माहीत होतं. पन्नीच्या पिशवीत पाणी, पाण्यात दोन मासे, वर गाठ. प्रत्येकीच्या हौदात दोन मासे गेले की गावातले डास संपतील आणि पातेलं मोकळं होईल. असं वाण परभणी जिल्ह्यात कुणी दिलं नसणार, या विचारानं त्या दोन दिवस हवेतच होत्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पिशव्या भरताना प्रियांका थांबली. "आत्या, ह्याच्या अंगातून पांढरा दोरा निघालाय. त्याच्या पण. मागच्या महिन्यात दुकानातून नवे चार आणले ना, तवापासून."

धुरपताबाईंनी चष्मा लावून बघितलं. "दाढी आली असंल. म्हातारा झालाय."

"आत्या, ती मादी हाय."

"मग बाजूला काढ तिला. ज्यांना दाढी न्हाई ते भर."

"आठ दिवस थांबू ना. दुकानवाल्याला इचारते."

"संक्रांत थांबती का आठ दिवस?"

संक्रांत खरंच थांबत नाही. दाढीवाले नऊ मासे बाजूला निघाले आणि त्याच पाण्यातले बाकीचे पिशव्यांत गेले.

दुसऱ्या दिवशी चाळीस-एक बायका आल्या. त्यांच्यात छबूबाई होती, आणि तिला बघून चार जणींनी आपसांत भुवया उडवल्या. छबूबाई आणि तिचा नवरा व्यंकटी पंधरा वर्षं ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की ट्रक यायचा, गुढीपाडव्याच्या आसपास परत सोडायचा. संक्रांत दरसाल फडातच. तिथं तिळगूळ असायचा, पण वाण लुटायला प्रत्येकीचं घर म्हणजे एकच ताडपत्री. यंदा मात्र दोघं गेले नव्हते. दोन एकरांतल्या शेततळ्यात त्यांनी रोहू-कटल्याची दोन हजार बोटुकली सोडली होती, आणि व्यंकटीनं कोयता माळ्यावर टाकला होता.

"नाव घे गं छबू," बायका म्हणाल्या. "पंधरा वर्षांचं एकदम घे."

छबूबाई लाजली, मग पदर सावरून म्हणाली, "उसाच्या फडात उसाला आला तुरा, व्यंकटीरावांचं नाव घेते, वाणात काय हाय ते सांगा जरा!"

धुरपताबाईंनी तिच्या हातात पिशवी ठेवली. छबूबाईनं ती उजेडाकडे धरली. आतले दोन मासे तिच्याकडे बघायला लागले.

"काकू," ती हळूच म्हणाली, "जित्तं वाण!"

बाकीच्या बायका हसल्या. घरी जाताना दोघींनी वाटेतच पिशव्या बैलांच्या हौदात रिकाम्या केल्या, एकीच्या मांजरानं त्याच संध्याकाळी वाणाचा समाचार घेतला, आणि सुलाबाईनं आपले मासे संडासच्या टाकीवरच्या पिंपात सोडले. छबूबाईनं मात्र पिशवी घरी नेऊन देवापुढं ठेवली, हळदीकुंकू वाहिलं आणि सकाळी उठून आपल्याकडे सगळ्यात चांगलं पाणी जिथं होतं, तिथं ती सोडली. शेततळ्यात.

*

मार्च उजाडला, ऊन तापलं. एका सकाळी छबूबाई घमेल्यात एक रोहू घेऊन धुरपताबाईंच्या ओसरीवर आली. संक्रांतीपासून धुरपताबाई गावात माशांच्या जाणकार ठरल्या होत्या. वाटणाऱ्याला वस्तूतलं कळतं, अशी लोकांची समजूत असते.

"काकू, बगा बरं ह्याला काय झालंय. सात-आठ मासे असेच मरून वर आलेत."

रोहूच्या अंगावर लाल चट्टे होते आणि प्रत्येक चट्ट्यातून एक पांढरा दोरा लोंबत होता. धुरपताबाईंच्या ओठांवर 'दाढी आली असंल' हे शब्द आपोआप आले, आणि तिथंच चिकटले.

"महारुद्रला बोलाव," त्या म्हणाल्या. "मी पण येते."

महारुद्र तालुक्यातल्या तळ्यांना बोटुकली पुरवायचा आणि मोठे झालेले मासे सेलूच्या बाजारात न्यायचा. तो फटफटीवर आला, तळ्याच्या काठावर उकिडवा बसला आणि दोरा ओढून बघितला. दोरा सहज निघाला नाही. निघाला तेव्हा त्याच्या आतल्या टोकाला आकड्यांसारखं काहीतरी होतं.

"लर्निया," तो म्हणाला. "किडा म्हणत्यात ह्याला, पण ह्यो खेकड्याच्या खानदानातला हाय. नर जोडी जमली की मरून जातो. मादी माशाच्या मासात डोकं खुपसून बसती. बाहेर निस्ती शेपटी, आन् शेपटीला अंड्याच्या दोन पिशव्या. थंडीत गप राहती. ऊन तापलं की पंधरा-वीस दिवसाला नवी पिढी."

"आन् डोकं मागं काढती कवा?" छबूबाईनं विचारलं.

"न्हाई काढत. मरस्तोवर तिथंच."

व्यंकटी शेजारी उभा होता. "खाणाऱ्याला काय व्हतं का?"

"शिजवलं की काय न्हाई व्हत. पण गिऱ्हाईकाला कोण समजावणार? दोरे लोंबणारा मासा बाजारात मी फुकट दिला तरी घेत न्हाईत." महारुद्रनं हात धुतले. "बाहेरचा मासा सोडला का तळ्यात? काचेच्या पेटीतला, रंगीत-बिंगीत? तेच आणत्यात ह्ये. तो मासा इथला न्हाई, त्याचं दुखणं इथलं न्हाई, आन् आपल्या माशाला ते सोसत न्हाई. ओढ्यात गेलं तर तिथले मुऱ्या-खवल्या मासे पण जातील."

छबूबाईनं जोरात मान हलवली. "न्हाई बा. बाहेरचा एक पण न्हाई. वाणाचे तेवढे दोन सोडले. पण ते काय बाहेरचे? काकूच्या घरचे हायत."

महारुद्रनं धुरपताबाईंकडे बघितलं. धुरपताबाई तळ्याच्या काळ्या पन्नीकडे बघायला लागल्या, जणू पन्नीची प्रत तपासायला आल्या आहेत.

व्यंकटी कुणावर चिडला नाही. तो नुसता म्हणाला, "कोयता माळ्यावरच हाय. धार लावाया कितीसा येळ लागतो." आणि छबूबाई पाण्यावर आलेला आणखी एक मेलेला मासा काठाशी ओढायला लागली.

*

त्या दिवशी धुरपताबाईंना भाकरी गेली नाही. समोर बसलेल्या सुनेकडे त्यांनी दोनदा रागानं बघितलं.

"म्हाइती हाय, तू सांगितलं होतंस. आता घडीघडी बोलून दाखवू नको."

"मी कुटं काय बोलले आत्या?"

"ते पण नको बोलू."

दिनकरराव ताटावरून म्हणाले, "कुणाला काय ठावं हाय? ती पाण्यातली गोष्ट. पाण्यात कोण सही करतं?"

हा सल्ला सोयीचा होता आणि धुरपताबाईंनी तो दोन दिवस वापरून बघितला. अडचण अशी की त्या सोयीत छबूबाईचं ते एक वाक्य मधूनमधून टोचायचं: काकूच्या घरचे हायत. डोकं खुपसून बसलेलं वाक्य. ओढलं तर तुटत होतं, निघत नव्हतं.

शिवाय आणखी चाळीस घरं होती. कुणाचा हौद विहिरीला जोडलेला, कुणाचा नाल्याला. मृगात पाणी वाहायला लागलं की हे सगळं ओढ्यानं दुधना नदीत. मासे परत घ्यायला हवे होते. आणि वाण परत घेता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी तोड काढली. ऐन फाल्गुनात, हळदीकुंकवाचा कुठलाही सण नसताना, त्यांनी गावभर निरोप धाडला: रविवारी उलटं हळदीकुंकू आहे. नेहमीच्या हळदीकुंकवात घरवाली देते आणि पाहुण्या नेतात. या हळदीकुंकवात पाहुण्यांनी आणायचं आणि घरवाली घेणार. संक्रांतीचे मासे आणि त्यांचा झालेला सगळा वंशविस्तार, पाण्यासकट. वाण परत घेणं नाही हे. हे नवीन हळदीकुंकू.

"असं असतंय का कुटं?" सुलाबाईनं विचारलं.

"आपल्या पुराणात हाय," धुरपताबाई म्हणाल्या. कुठल्या, ते सुलाबाईनं विचारलं नाही, कारण तिलाही पुराण माहीत नव्हतं.

रविवारी बायका आल्या. बादल्या, कळश्या, दुधाच्या किटल्या, एकीच्या हातात प्रेशर कुकर. मांजरवाली रिकाम्या हातानं आली, म्हणून मांजर घेऊन आली. ओसरीवर ओळीनं भांडी मांडली गेली. दोनाचे वीस, विसाचे साठ झालेले मासे शेपट्या हलवत होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना दाढी होती.

छबूबाई शेवटी आली. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"काकू, मला माझे दोन घावले न्हाईत. जाळं टाकलं, पण एवढ्याशा माशाला जाळ्याचं भोक म्हंजी गावची येस. वाण हरवलं माझ्याकडून."

ती अपराधी चेहऱ्यानं उभी होती. ती! धुरपताबाईंनी कुंकवाचा करंडा खाली ठेवला.

"छबू, खाली बस. न्हाईतर उभीच ऱ्हा, मला तसंच बरं पडंल." त्यांनी घसा साफ केला. "तुज्या तळ्यात जे आलंय ते माज्या वाणातनं आलंय. मला प्रियांकानं आदल्या दिवशीच दाखवलं होतं, दोरा लोंबायलाय म्हणून. थांबा म्हणली ती. मी म्हणलं दाढी हाय. मला असं वाण द्यायचं होतं की गावात कुणी दिलं न्हाई. ते मी दिलं."

प्रेशर कुकरमधला एक मासा तेवढा फडफडला.

छबूबाईनं ओळीनं मांडलेली भांडी बघितली. मग तिनं विचारलं, "मी हौदात सोडले असते तर?"

"तर तुजं तळं वाचलं असतं."

"मांजराला घातले असते तर?"

"तर लयच बरं झालं असतं."

"पंधरा वर्षांनी वाण मिळालं काकू," छबूबाई म्हणाली. "म्हणून चांगल्या पाण्यात सोडलं."

ज्यांनी वाणाची काडीची किंमत ठेवली नाही त्या सगळ्या सुटल्या होत्या. जिनं ते देवापुढं ठेवलं तिचं तळं गेलं. धुरपताबाईंना वाटलं, आता हिनं चार शिव्या द्याव्यात, म्हणजे त्या मोजता तरी येतील. पण छबूबाईनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "मग आता?"

*

आता काय, हे महारुद्रनं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते अशक्य आहे हेही सांगितलं होतं. तळं आटवायचं, वाळवायचं, चुना मारायचा. मासे वाचवायचे असतील तर एकेक पकडून त्याच्या अंगातले दोरे चिमट्यानं ओढायचे, मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि दुसऱ्या स्वच्छ पाण्यात सोडायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. "पेटीतल्या चार माशांना जमतं हे," तो म्हणाला होता. "मरून-गळून उरलेल्या बाराशे माशांच्या उवा कोण काढणार?"

हा प्रश्न त्यानं चुकीच्या गावात विचारला होता. त्या ओसरीवर बसलेल्या चाळीस बायकांनी आयुष्यभर दोनच कामं अशी केली होती जी त्यांना झोपेतही जमत होती: कापूस वेचणं आणि पोरींच्या उवा काढणं.

प्रियांकानं सेलूत पार्लरचा कोर्स केला होता. तिनं आपली पेटी उघडली आणि भुवया कोरायचे सहा चिमटे काढले. बाकीच्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातले काटे काढायचे चिमटे काढले. राहिला प्रश्न स्वच्छ पाण्याचा. गावात तसं एकच तळं होतं, दिनकररावांच्या मोसंबीचं.

दिनकरराव माळकरी. "माज्या तळ्यात मासे?" त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "मी खात न्हाई, तुला ठावं हाय."

"खायला कोण सांगायलंय तुमाला? ठेवायचेत. दवाखान्यात ठेवत्यात तसे."

"आन् मोसंबीला माशाचं पाणी?"

"मोसंबी बी माळकरी हाय का?"

दिनकररावांनी विचार केला. मोसंबीची बाजू मांडण्यासारखं त्यांना काही सुचलं नाही.

दोन दिवस गाव शेततळ्यावर होतं. व्यंकटी आणि महारुद्र जाळं ओढत होते, बायका ओल्या गोणपाटावर मासा धरून दोरे ओढत होत्या. "अंग मुडपू नको रे," प्रियांका एका कटल्याला समजावत होती, "भुवया करताना अशीच रडत्यात बाया." मांजरवालीचं मांजर मिठाच्या टबापाशी अशा चेहऱ्यानं बसलं होतं, जणू त्याच्या मालकीचं धान्य लोक निवडून देत आहेत. धुरपताबाई छबूबाईच्या शेजारी बसल्या. एक मासा धरायची, दुसरी ओढायची. दुपारनंतर छबूबाईनं त्यांच्या हातातला चिमटा घेतला आणि म्हणाली, "काकू, तुमी लय हळू ओढायलाव. त्याला जास्त दुखतंय. एकदाच ओढायचं."

धुरपताबाईंना ते पटलं.

बाराशेपैकी नऊशेच्या आसपास मासे दिनकररावांच्या तळ्यात गेले. पहिल्या पंधरवड्यात त्यांतले दोनशे मेले. दुसऱ्या वेळी दोरे कमी निघाले, तिसऱ्या वेळी मोजकेच. छबूबाईचं तळं आटत आटत चिखल झालं, तेव्हा ती गुडघाभर चिखलात उतरली आणि तिनं डबक्याडबक्यातून गप्पी वेचून काढले. दोन नव्हते, दीडशे होते. ओसरीवरच्या भांड्यांतल्या माशांसारखंच त्यांचं केलं: उन्हात वाळवलेल्या मातीवर पसरलं. छबूबाईनं आधी हात जोडले. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना कुणी इथं यायचं का म्हणून विचारलं नव्हतं. प्रियांकानं आपली रुखवताची काचेची पेटी धुऊन उन्हात पालथी घातली. नंतर तिच्यात धुरपताबाई सांडगे वाळवायला लागल्या.

*

पावसाळ्यात तळं पुन्हा भरलं आणि मासे घरी गेले. पण सहाशे-सातशे माशांत वर्ष निघत नाही, हे सांगायला कुणी जाणकार लागत नाही. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ट्रकपाशी उभं राहून धुरपताबाईंनी बघितलं: व्यंकटी एकटाच चढला.

"अर्धाच कोयता?" मुकादमानं विचारलं.

"अर्धाच," व्यंकटी म्हणाला. "अर्धा तळ्यावर हाय."

ट्रक गेला. छबूबाई वळली, धुरपताबाईंना बघून थांबली, आणि तळ्याकडे गेली. धुरपताबाईंना वाटलं, पुढं जाऊन काहीतरी बोलावं. पण एकदाच ओढायचं असतं, आणि ते ओसरीवर झालेलं होतं.

संक्रांतीला छबूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरी हळदीकुंकू केलं. सगळा गाव गेला, कारण छबू काय लुटणार याची बातमी फुटली नव्हती आणि मागच्या संक्रांतीचं वाण सगळ्यांना आठवत होतं. धुरपताबाई नवं लुगडं नेसल्या, दारात दोनदा घुटमळल्या आणि आत गेल्या.

छबूबाईनं त्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हातावर वाण ठेवलं. कागदात गुंडाळलेलं, लहानसं, कोरडं.

धुरपताबाईंनी ते हळूच कानाशी धरलं. आत काही हलत नव्हतं. मग त्यांनी कागद सोडला. चिमटा होता.

"घ्या काकू," छबूबाई म्हणाली. "आन् तुमी नाव घ्यायचं राहिलंय."